एक बादली की शंभर बाटल्या?

वाचक विचारतात : या महिन्याची पत्रं

या वेळी गठ्ठा जाड आहे. गंमत म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत सगळ्यांनी फिरून फिरून एकच विचारलंय: चार-पाच वस्तू एकत्र कालवून माल करायचा, तर त्यांचं प्रमाण ठरवायचं कसं? रंग, शाई, शाम्पू, गोंद, कीटकनाशक हा सगळा याच जातीचा माल. धंद्यात त्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. माझी नोकरीची सगळी वर्षं ठाण्या-मुंबईकडच्या रंगाच्या प्रयोगशाळांत गेली, त्यामुळे उत्तरांत रंगाचा वास येईल. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : आमचं छोटं युनिट आहे. इथल्या फौंड्र्यांना कोअर आणि मोल्डवर, म्हणजे लोखंड ओतायच्या वाळूच्या साच्यांवर, मारायचं कोटिंग बनवून देतो. त्यातली झिरकॉनची पावडर परवडेना झालीय, म्हणून ती थोडी काढून दुसरी स्वस्त पावडर घालायचं म्हणतोय. पण जरा काही बदललं की कोटिंग ड्रमच्या तळाला घट्ट बसतं, नाहीतर सुकताना तडकतं. बेंगळुरूला नोकरीत असलेला मुलगा म्हणतो, मोठ्या कंपन्यांत रोबोट दिवसाला शेकडो सॅम्पल करतात, त्याला हाय थ्रूपुट म्हणतात, आता तुमचं बादलीतलं काम संपलं. खरंच संपलं काय? आणि ती भानगड आहे तरी काय?
— एक कारखानदार, उद्यमबाग

उत्तर : मुलाचं अर्धं बरोबर आहे. रोबोट आहेत, सॅम्पलंही ढिगानं होतात. बादली मात्र संपलेली नाही. शेवटी माल तिच्यातूनच बाहेर पडतो, आणि तिथंच बऱ्याच जणांचं गणित चुकतं. ते पुढं सांगतो.

आधी भानगड काय ते. खडेबाजारात रंगाच्या दुकानात टिंटिंगचं यंत्र बघितलं असेल. शेड नंबर दाबला की पांढऱ्या बेसच्या डब्यात चार नळ्यांतून ठरलेले थेंब पडतात, डबा हलवला की रंग तयार. प्रयोगशाळेतलं यंत्र त्याचाच शिकलेला भाऊ. फरक असा की दुकानातलं यंत्र ठरलेली रेसिपी पुन्हा पुन्हा करतं, प्रयोगशाळेतलं दर डब्याला मुद्दाम वेगळी रेसिपी करतं. रिकामी बरणी काट्यावर येते, तिचं वजन नोंदलं जातं, मग पाणी, मग पावडर, मग रेझिन, आणि दर वेळी पडलेलं वजन मिलिग्रॅममध्ये संगणकात जातं. झाकण लागतं, बरणी ढवळणीखाली जाते, तिथून मोजणीच्या टेबलावर. समोर उभं राहून बघितलं तर कंटाळा येतो. एकच सॅम्पल करायचं असेल तर हाताला सवय असलेला आपला लॅब असिस्टंट त्या रोबोटच्या आधी काम उरकून चहाला जाईल. पण रोबोट रात्री झोपत नाही, चाळिसाव्या बरणीला त्याचा हात थरथरत नाही, आणि 'साधारण पन्नास ग्रॅम' हा शब्द त्याला माहीत नाही.

ही रीत औषधांच्या आणि रक्ततपासणीच्या जगातून आली. 1951 साली हंगेरीत ग्युला ताकात्सी या डॉक्टरनं फ्लूच्या तपासणीसाठी एकाच पट्टीत खड्ड्यांच्या रांगा केल्या. त्यातून पुढं आठ गुणिले बारा अशी 96 खड्ड्यांची प्लेट रूढ झाली. 1970 साली अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या जोसेफ हानाकनं लिहून ठेवलं की पदार्थशास्त्रात एका वेळी एकच सॅम्पल करत बसणं फार महाग आणि संथ आहे, एका पट्टीवर अनेक मिश्रणं घ्या. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही, कारण एवढ्या सॅम्पलांचे आकडे सांभाळायला संगणक कुठं होते? 1994 मध्ये कॅलिफोर्नियात सिमिक्स नावाची कंपनी फक्त याच कामासाठी निघाली. आज युनिलिव्हरसारख्या कंपन्या यात मुरल्यात. लिव्हरपूल विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या भागीदारीतून मटेरिअल्स इनोव्हेशन फॅक्टरी उभी राहिली आहे.

तुमच्या-माझ्या मालाला मात्र ही 96 खड्ड्यांची प्लेट फारशी उपयोगाची नाही. एका खड्ड्यात मावतं ते काही थेंब. पाण्यासारखं पातळ असेल तर नळी ओढून घेते. तुमच्या कोटिंगसारखा जाड, पावडर भरलेला माल नळीच्या टोकाशी अडकतो, आणि कोरडी पावडर वरून पाडायला गेलं की कधी गठ्ठा, कधी काहीच नाही. म्हणून फॉर्म्युलेशनची यंत्रं लहान बरण्यांवर चालतात आणि मापानं नाही, वजनानं घालतात. तुम्हीही तेच करा. चांगला दोन दशांशाचा वजनकाटा घ्या, मापाचे डबे-मग्गे बाजूला ठेवा. रोबोटचा निम्मा फायदा तिथंच मिळाला.

आता आकड्यांचं. समजा तुमच्या कोटिंगमध्ये पाच वस्तू आहेत आणि बेरीज शंभर ठेवून तुम्ही दहा-दहा टक्क्यांनी प्रमाण बदलत गेलात, तर किती मिश्रणं होतील? 1001. सहा वस्तू असतील तर 3003. एवढं रोबोटलाही करायला लावू नये. यातली बहुतेक मिश्रणं मूर्खपणाची असणार हे तुम्हाला आत्ताच सांगता येईल. तीस टक्के बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) घातलं तर कोटिंग होणार नाही, चिखल होईल. कुठली वस्तू कुठल्या मर्यादेत हलवायची हे ठरवणं हे यातलं पहिलं काम, आणि ते ड्रम ढवळून हात काळे झालेल्या माणसाला चांगलं जमतं. मुलाला सांगा, हे त्या यंत्रात घालून मिळत नाही.

दुसरं काम, त्या मर्यादेच्या आत नेमकी कुठली मिश्रणं करायची. इथं आपल्याच कर्नाटकातल्या माणसाचा हात लागलाय. सी. आर. राव हे संख्याशास्त्रातलं फार मोठं नाव, जन्म हूविन हडगलीचा. 1947 मध्ये त्यांनी ऑर्थोगोनल अॅरे म्हणजे प्रयोगांची अशी मांडणी दिली की सगळ्या जोड्या न करताही प्रत्येक गोष्टीचा परिणाम वेगळा काढता येतो. पुढं जपानचे गेनिची तागुची कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत येऊन राहिले होते, आणि त्यांनी अशाच मांडण्या कारखान्यांत पोचवल्या. बेळगावातल्या ज्या कारखान्यांत क्वालिटीची ट्रेनिंगं झालीत, तिथं एल-नाइनचा, म्हणजे नऊ प्रयोगांचा, तक्ता भिंतीवर सापडेल. तोच हा.

तुमच्यासाठी मी असा मांडतो. चार गोष्टी, प्रत्येकी तीन पायऱ्या. पहिली, भरण्याच्या पावडरीत झिरकॉनचा वाटा : पूर्ण, ऐंशी टक्के, साठ टक्के. एकूण पावडर तेवढीच ठेवायची, फक्त आतली वाटणी बदलायची. असं केलं की बेरीज शंभर ठेवायच्या कटकटीतून सुटका होते. दुसरी, बेंटोनाइट. तिसरी, बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारी चिकट वस्तू. चौथी, बेंटोनाइट पाण्यात भिजवून ढवळण्याचा वेळ. सगळ्या जोड्या करायच्या म्हटलं तर 81 होतात. एल-नाइनच्या तक्त्यानं नऊ बाटल्यांत भागतं. यात एक खोट आहे, तीही सांगून ठेवतो. दोन गोष्टी एकमेकींवर परिणाम करत असतील, म्हणजे जास्त बाइंडरनं कोटिंग फक्त कमी बेंटोनाइट असतानाच तडकत असेल, तर नऊ बाटल्या ते लपवतात. म्हणून नऊतून जे दिसेल त्याच्या आसपास आणखी काही बाटल्या कराव्या लागतात. फुकट काहीच मिळत नाही.

नऊच्या जोडीला दोन बाटल्या नेहमी जादा ठेवा. एक तुमचं आत्ता विकलं जाणारं कोटिंग. दुसरी, नऊपैकी एकाची हुबेहूब नक्कल, पण नंबर वेगळा, आणि मोजणाऱ्याला ते सांगायचं नाही. नकलेचं आणि मूळचं उत्तर फार वेगळं आलं तर बाकीच्या आठांतल्या फरकांवर भांडत बसू नका, आधी मोजणी सुधारा.

मोजणीवर जरा थांबतो, कारण माझ्या मते हाय थ्रूपुटची खरी मेख इथं आहे. मिसळणं स्वस्त आहे. दिवसाला दोनशे मिश्रणं करणारं यंत्र घेतलं आणि ती तपासायला एकच माणूस, एकच चाचणी, तीही चोवीस तासांची, तर दोनशे बाटल्या मांडणीवर धूळ खात बसतात. मी अशा मांडण्या बघितल्यात. म्हणून या प्रयोगशाळांतली खरी हुशारी मिश्रणाच्या यंत्रापेक्षा जलद चाचण्या शोधण्यात गेलीय. माल तळाला बसायची वाट न बघता बाटलीतून उजेड सोडून वरून खालपर्यंत गढूळपणा कसा बदलतोय ते वाचायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून महिन्याचं बसणं तासात बघायचं, कॅमेऱ्यानं शेकडो बाटल्यांचे फोटो काढून संगणकाला थर मोजायला लावायचं.

फोटोची युक्ती तुम्हाला फुकटात जमते. एकाच मापाच्या सरळ काचेच्या बाटल्या, एकाच उंचीपर्यंत भरलेल्या, मागं आलेख-कागद चिकटवलेली फळी, समोर मोबाइल ठरलेल्या जागी. सुरुवातीला तासातासानं, मग सकाळ-संध्याकाळ फोटो. वरचं स्वच्छ पाणी किती चौकोन खाली सरकलं तेवढं वाचायचं. झिरकॉनची घनता 4.6 च्या पुढं. त्याच्या जागी घालतात त्या पावडरींत ग्राफाइटची 2.2 च्या आसपास, अॅल्युमिनो-सिलिकेट मधेच कुठंतरी. त्यामुळे दाणा सारखाच बारीक असेल तर झिरकॉन काढल्यावर माल हळू बसायला हवा. तुमच्याकडं उलट होतंय म्हणजे दोष वजनाचा नाही. एक तर नवी पावडर जाडी दळलेली आहे (दाणा दुप्पट झाला की बसायचा वेग चौपट होतो), नाहीतर ती बेंटोनाइटचं जाळं मोडतेय. कुठल्या गावची पावडर घेतलीत ते लिहिलं नाहीत, पण चाळणी-चाचणीचा कागद मागून घ्या.

किती बसलं एवढंच बघून चालत नाही, कसं बसलं तेही बघा. काचेची कांडी हळूच सोडायची. तळापर्यंत अलगद गेली तर तो माल ढवळला की उठतो. वरच अडकली तर ग्राहकाचा ड्रम परत येणार. मग फोर्ड कपातून (तळाला भोक असलेला मापाचा कप) वाहायचा वेळ, आणि जुन्या कोअरचे तुकडे बुडवून सुकवून भिंगाखाली तडे. एवढ्यावर नऊतल्या सहा-सात बाटल्या बाद होतात. उरलेल्यांची परीक्षा मात्र लोखंड ओतूनच होते. चौदाशे अंशाच्या आसपासचं ओतलेलं लोखंड वाळूत शिरतं की नाही हे कुठलीही बाटली सांगत नाही. तिथं फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, माणसाला विचारा. ग्राइंडर किती वेळ धरावा लागला हे तो लॅबपेक्षा चोख सांगेल.

तुमचं कोटिंग पाण्यातलं आहे असं धरून हे लिहिलं. आयपीएमधलं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असेल तर बेंटोनाइट चालणार नाही, ऑरगॅनोक्ले ही त्यासाठीची वेगळी माती लागेल, आणि बाटल्यांच्या जवळपास हीटर, शेगडी, विडी काही नको. आयपीएची वाफ 12 अंशांलाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडच्या थंडीच्या पहाटेसुद्धा.

आता बादली. बाटलीत जिंकलेली रेसिपी ड्रममध्ये हरते, याचं कारण बहुतेक वेळा ढवळणी असतं. बेंटोनाइट फुलायला पाणी, वेळ आणि घासणं तिन्ही लागतं. छोट्या बाटलीत पंखा कडेला घासून फिरतो, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मधे भोवरा आणि कडेला माल उभाच. लहान पंख्याचे फेरे जास्त असतात, पण बघायचं असतं ते पात्याच्या टोकाचा वेग. तो दोन्हीकडे जवळपास सारखा येईल असे फेरे ठरवा, आणि वस्तू घालायचा क्रम बाटलीतही ड्रमसारखाच ठेवा. मोठ्या कंपन्यांतही बाटलीनंतर लिटर, लिटरनंतर ड्रम अशी चढण असतेच. रोबोट ती चढण काढून टाकत नाही, चढायला लायक नसलेले खालीच अडवतो.

आणि वही. तुमच्या वहीत चाललेल्या बॅचाच लिहिलेल्या असतील, बिघडलेल्या नाहीत. सगळ्यांकडं असंच असतं. फसलेल्या बाटलीचं वजन, तारीख, फोटो ठेवा. तीन वर्षांनी झिरकॉन पुन्हा भडकेल तेव्हा तीच पानं लागतील.

प्रश्न : आमचा महिलांचा गट भांडी घासायचं लिक्विड करतो. अॅसिड स्लरी (साबणाचा आम्लयुक्त कच्चा माल), कॉस्टिक सोडा, एसएलईएस (फेसाचं रसायन) आणि मीठ. मीठ घातलं की दाट होतं म्हणून शिकवलं. पण एकदा जास्त पडलं तर उलट पातळ झालं! थंडीत बाटली गढूळही होते. गिऱ्हाईक म्हणतं पाणी मिसळलंय.
— गटातल्या ताई, निपाणी

उत्तर : ताई, गिऱ्हाइकाला सांगा पाणी नाही, मीठ जास्त झालंय. साबणाचे कण पाण्यात गोल झुबके करून असतात. मीठ पडलं की ते लांब दोऱ्यांसारखे वाढतात, एकमेकांत गुंततात, आणि माल दाट होतो. मीठ आणखी वाढलं की त्या दोऱ्यांना फांद्या फुटतात, गुंता सुटतो आणि सगळं पुन्हा वाहायला लागतं. दाटपणा आधी चढतो, टोक गाठतो आणि उतरतो. शाम्पू-डिशवॉशच्या मोठ्या प्रयोगशाळांत यंत्राला हीच चढ-उतार शेकडो वेळा काढायला लावतात, कारण सुवास बदलला, एसएलईएसचा माल बदलला, की टोक सरकतं. तुमच्या सेंटनंही सरकतं, म्हणून चाचणी सेंट घालूनच करा. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यातले क्षारही मिठात धरले जातात.

तुम्ही असं करा. मीठ न घातलेला एक लॉट घ्या, एकसारख्या बाटल्यांत वजनानं वाटा, आणि पाव-पाव टक्क्यानं वाढवत मीठ घाला. फेस बसू द्या, रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक बाटली बूच लावून उलटी करा आणि हवेचा बुडबुडा तळापासून वर यायला किती वेळ लागतो तो मोबाइलवर मोजा. वार्निशच्या कारखान्यांत बुडबुड्याच्या नळ्यांनी दाटपणा असाच मोजतात, ही काही गावठी पद्धत नव्हे. सगळ्यात जास्त वेळ लागेल ते टोक. तुमचं मीठ टोकाच्या अलीकडं थांबवा, टोकावर नाही, म्हणजे चमचाभर इकडं-तिकडं झालं तरी माल पडणार नाही. तेवढ्याच बाटल्या मग एक रात्र फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ज्या गढूळ होतील त्या थंडीत दुकानातही गढूळ होणार.

एक सांगायलाच हवं. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, आणि स्लरी हाताळताना हातमोजे, चष्मा. गटात लहान मुलं आजूबाजूला असतात, त्यांना त्या वेळी बाहेर पाठवा. शेवटी पीएचची पट्टी सातच्या आसपास आली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाचे हात सोलतात आणि मग दाटपणा कुणी विचारत नाही.

प्रश्न : कोबीवर फवारताना दोन औषधं आणि दुकानदारानं दिलेलं टॉनिक एकाच पंपात घातलं. टाकीत दही झालं, नोझल तुंबलं. कंपन्या हे आधी तपासत नाहीत काय?
— शेतकरी, कडोली

उत्तर : तपासतात, पण आपापलं औषध. दुकानदाराच्या टॉनिकसोबत काय होईल हे त्यांनी बघितलेलं नसतं. कीटकनाशकाच्या चाचण्यांच्या जगभर ठरलेल्या रीती आहेत. 54 अंशांच्या भट्टीत 14 दिवस ठेवून दोन वर्षांचं म्हातारपण आणायचं, शून्य अंशाला सात दिवस ठेवून बघायचं, आणि 342 पीपीएम कठीणपणाच्या पाण्यात मिसळून अर्ध्या तासानं, दोन तासांनी आणि चोवीस तासांनी वर साय किंवा खाली गाळ येतो काय ते पाहायचं. मोठ्या प्रयोगशाळेत शेकडो नळ्यांत हे एकदम होतं, वरून कॅमेरा.

तुम्हाला एक लिटरची पारदर्शक बाटली पुरे. पाणी तुमच्याच विहिरीचं. डब्यावर नावापुढं अक्षरं असतात. डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायची पावडर किंवा दाणे) असेल ते आधी घालून ढवळा, मग एससी (बारीक कणांचा दाट द्रव), मग ईसी (तेलकट द्रव), आणि सगळ्यात शेवटी विद्राव्य खत, टॉनिक आणि चिकटणारं औषध. पंपातल्याच प्रमाणात. अर्धा तास ठेवा. दही, गाळ, तेलाचा थर, बाटली गरम होणं, यातलं काही दिसलं तर ते एका पंपात नको. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाणी जड होतं, तेव्हा पुन्हा करून बघा. आणि बाटलीत नीट राहिलं म्हणजे कोबीला चालेल असं नाही, पानं करपतात ती वेगळ्या कारणानं. लेबलवर ज्या पिकाला जे लिहिलंय त्याच्या बाहेर जाऊ नका. बाटलीतलं उरलेलं ओढ्यात ओतू नका.

प्रश्न : मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सगळं रोबोट आणि एआय करणार असेल तर आमच्यासारख्यांना लॅबमध्ये कोण ठेवणार?
— विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुझ्या कानावर आली असेल ती बातमी लिव्हरपूलची असणार. 2020 साली तिथं चाकांवर फिरणाऱ्या एका रोबोटनं आठ दिवसांत 688 प्रयोग केले. दहा घटक हलवत तो पाण्यातून हायड्रोजन काढणारं मिश्रण शोधत होता. शेवटी सापडलेलं मिश्रण सुरुवातीच्या मिश्रणाच्या सहापट चांगलं निघालं. पुढचा प्रयोग कुठला करायचा हे दर वेळी आधीच्या निकालांवरून गणितच ठरवत होतं. काम झकास आहे, मला शंका नाही. पण ते दहा घटक कुठले, ते माणसांनी ठरवलं. अकरावा घटक महत्त्वाचा असता तर रोबोटनं आठ काय, ऐंशी दिवस फिरूनही तो सांगितला नसता.

जी माणसं कमी होणार ती दिवसभर फक्त पिपेट धरणारी. तू तेवढंच शिकणार असशील तर काळजी कर. नाहीतर प्रयोगांची मांडणी शीक, म्हणजे वर उद्यमबागेच्या काकांना जे सांगितलं ते. पायथन ही संगणकाची भाषा एवढी शीक की हजार ओळींचा तक्ता वाचून त्यातली खोटी ओळ शोधता येईल. खोट्या ओळी असतातच, काटा अडकलेला असतो, नळी तुंबलेली असते, आणि यंत्र तरीही शांतपणे आकडा लिहितं. आणि ऱ्हिऑलॉजी, म्हणजे पदार्थ कसे वाहतात त्याचं शास्त्र. आपल्याकडं हा विषय दोन पानांत उरकतात, पण फॉर्म्युलेशनच्या नोकरीत मुलाखत त्याच्यावरच होते. निदान मी घ्यायचो तेव्हा तरी व्हायची. बाटलीत दाट दिसणारा रंग ब्रशखाली पातळ का होतो आणि भिंतीवर गेल्यावर ओघळत का नाही, हे मराठीत समजावता आलं तरी मी पुढचा प्रश्न विचारायचो. माध्यमाचं सोड.

एक करून बघ. सुट्टीत तुमच्या खानापूरच्या कौलाच्या नाहीतर मातीकामाच्या कारखान्यात जा, माती कालवणाऱ्याला विचार की आज पाणी कमी-जास्त का घातलं. त्याचं उत्तर लिहून काढ, आणि त्यातल्या कुठल्या गोष्टी मोजता येतील त्याची यादी कर. मुलाखतीला ती यादी घेऊन जा.

प्रश्न : कुंद्यालाही हे शंभर सॅम्पलांचं तंत्र चालेल काय?
— मिठाईवाले, शहापूर

उत्तर : नाही, आणि प्रयत्नही करू नका. कुंद्याचा रंग आणि वास दुधातलं प्रथिन आणि साखर कढईच्या तळाशी भाजल्यानं येतो. वाटीभर दुधाला तळ जास्त आणि खोली कमी, त्यामुळे तो भाजून करपेल किंवा नुसता आटेल. लहान वाटीतला कुंदा मोठ्या कढईबद्दल काहीच सांगत नाही. साखरेचं प्रमाण बदलायचंच असेल तर पूर्ण कढईवर बदला, आणि चव बघायला घरची माणसं घेऊ नका, ती गोडच म्हणणार.

पत्र पाठवणाऱ्यांसाठी : कृपया पाकिटात नमुने घालू नका. या महिन्यात एकाचं कोटिंग प्लॅस्टिकच्या पिशवीतून गळून बाकीच्या पत्रांवर उतरलं, आणि अनगोळच्या एका वाचकाचा प्रश्न मला अर्धाच वाचता आला. 'गोंद लाकडाला धरत नाही कारण' एवढंच दिसतंय. त्यांनी कारण पुन्हा लिहून पाठवावं.